आमच्या माडीवरचे पाळकसाहेब

रिकाम्या खोलीत उभं राहून "आज गर्दी जरा कमी आहे" असं म्हणणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो आमच्याच माडीवर भाड्यानं राहत होता. दारव्ह्यात नवं चर्च उभं करायचं, एवढ्या एका ध्यासापायी पाळकसाहेब नगरकडून बायको, मुलगी, सासूबाई, हार्मोनियम आणि टेम्पोभर प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन आले. माझं बी-बियाण्यांचं दुकान खालीच. खुर्च्या उतरवून उतरवून हमाल थकले, तेव्हा मी विचारलं, "इतके लोक येणार आहेत?"

"येतील तेव्हा उभं ठेवायचं का त्यांना?" पाळकसाहेब म्हणाले.

आईला त्यांनी नम्रपणे ओळख करून दिली, "मी पाळक."

"पालक? कोनाचे?"

"तसा सगळ्यांचाच," ते म्हणाले आणि फसले. त्या दिवसापासून आई गल्लीतल्या यच्चयावत पोरांच्या तक्रारी त्यांच्याकडे नेऊ लागली. कोणी पेरू तोडले, कोणी शाळा बुडवली, सगळ्याचा जाब पालकसाहेबांना!

पहिल्या रविवारी उपासनेला बायको, मुलगी आणि सासूबाई एवढीच मंडळी होती. त्यातही सासूबाईंना ऐकू येत नसे. पण पाळकसाहेबांचा आवाज थेट बसस्टँडपर्यंत जाईल असा. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना?"

"येते, येते!" अंगणात तूर निवडत बसलेली आई खालून ओरडली. "जरा हळू बोला ना बापा, खडे दिसून नाही राह्यले!"

दुकानाला लागूनच माडीचा जिना. फवारणीचं औषध विचारायला आलेले शेतकरी चुकून वर चढत. पाळकसाहेब त्यांना बसवत, त्यांच्या बाई चहा देत, मग कपाशीवरच्या अळीसाठी सविस्तर प्रार्थना होई. शेवटी ते प्रामाणिकपणे सांगत, "आता खाली जाऊन औषधही घ्या. प्रार्थना झाली म्हणून मात्रा कमी करू नका."

एकदा गल्लीतले काही तरुण तावातावानं वर गेले. "तुमी लोकाइचा धर्म बदलवता म्हने?"

पाळकसाहेब खिन्नपणे म्हणाले, "लग्न झाल्यापासून सासूबाईंची तपकीर सोडवतोय, ती सुटेना. धर्म कुठला बदलणार मी!"

तरुण हसत खाली आले. येताना मंडळाच्या कार्यक्रमासाठी खुर्च्याही घेऊन आले. मग काय, बारसं असो की तेरवी, खुर्च्या माडीवरूनच जाऊ लागल्या. एका रविवारी तर उपासनेला एकही खुर्ची उरली नाही. पाळकसाहेब त्या आणायला निघाले आणि मागच्या गल्लीत एका साक्षगंधाच्या मांडवात शिरले. लोकांनी आग्रह केला, "साहेब, पोरापोरीले दोन शब्द सांगा." ते संसारावर इतकं बोलले की वरण गार झालं आणि मुलीचा मामा हमसून रडला. इकडे बाई गाण्यामागून गाणी म्हणून थकल्या. शेवटी तणतणत मांडवात आल्या. "उपासना सोडून इथं काय करताय?"

"अगं," पाळकसाहेब डोळे विस्फारून म्हणाले, "खुर्च्या भरल्यात!"

पुढं त्यांचे वरिष्ठ पाहणीला येणार असं कळलं. इथं कोणी जमत नसेल, तर बदली ठरलेली. बाई आईजवळ रडल्या. मुलगी आत्ता कुठे रुळली होती, 'मले-तुले' बोलायला लागली होती. आईनं डोळे पुसले आणि गल्लीत फिरून आली.

त्या रविवारी माडीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. आई पहिल्या रांगेत. तिच्या शेजारी तांड्यावरून भाजी विकायला येणारी म्हातारी, टोपली पायाशी ठेवून. मागे ते तावातावाचे तरुण, हात जोडून. वरिष्ठ भारावून गेले. "वा! यातली किती कुटुंबं आपल्या चर्चची?"

पाळकसाहेबांनी नुसतं हसून वेळ मारून नेली असती, तरी चाललं असतं. बाईंनी तसं डोळ्यांनी विनवलंही. पण ते म्हणाले, "एकच. माझंच. बाकी सगळे शेजारी आहेत."

"मग हे कशाला आले?"

भाजीवाली म्हातारी उठली. "काहून म्हनजे? यानं जाऊ नये म्हून आलो!"

वरिष्ठ बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी आग्रहानं म्हातारीला आधी चहा दिला. पण बदली व्हायची ती झालीच. टेम्पो निघाला तेव्हा पाळकसाहेबांना गल्लीतल्या एकेकाचा निरोप घ्यायला इतका वेळ लागला, की ड्रायव्हर स्टिअरिंगवरच झोपला.

परवा त्यांचा फोन आला. आता ते परभणीकडे असतात. आईनं माझ्या हातून फोन ओढून घेतला. "लोक येतेत काय तिकडं?"

"येतात की मावशी. खोली अपुरी पडते आता."

"मंग बरं झालं ना बापा!"

पलीकडून ते म्हणाले, "हो, बरं झालं. पण मावशी, शेजार अजून जमला नाही."

आईनं फोन माझ्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली.