बेबीनंदाबाईंची ओसरी

जालन्याच्या जुन्या मिशन आवारात बेबीनंदा खरात नावाच्या बाई राहायच्या. आवारातल्या निम्म्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी, उरलेली पोरं त्या विद्यार्थिनींची. त्यामुळं सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. एक्क्याऐंशी साली लग्न होऊन त्या इथं आल्या आणि मुलींच्या शाळेत मराठी शिकवायला लागल्या. निवृत्त झाल्यावरही त्या फळ्यासमोर उभं राहिल्यासारखंच बोलायच्या, हळू आणि स्पष्ट.

त्यांचे यजमान वसंतराव दवाखान्यात औषधाच्या खिडकीवर होते. पण गावाला ते ठाऊक होते ते पेटीमुळं. डिसेंबर लागला की वसंतराव भजनाची मंडळी जमवायचे. पेटी, ढोलकी, दोन झांजा आणि उसन्या जीपमध्ये कोंबलेली माणसं. बाई सुवर्णाला, म्हणजे आपल्या लेकीला, शालीत गुंडाळून मांडीवर घ्यायच्या आणि जीप अंबडच्या रस्त्याला लागायची. अंकुशनगरला साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात असायचा. हवेत मळीचा वास, रस्त्याला उसाच्या बैलगाड्यांची रांग, आणि कडेला ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या. दिवस मावळता मावळता तिथं सतरंजी पडायची. कोप्यांतल्या बाया आधी भाकऱ्या थापत लांबूनच ऐकायच्या. मग एखादी पिठाचे हात झटकत जवळ यायची, दोन गाणी ऐकायची आणि म्हणायची, "आता माझं ऐका." ती जात्यावरची ओवी म्हणायची आणि वसंतराव तिच्या सुराला पेटी जुळवून द्यायचे. नाताळची गाणी आणि सासुरवाशिणीची ओवी एकाच बैठकीत व्हायची. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नसे.

दोन हजार चार साली वसंतराव गेले. सुवर्णा पुण्यात नोकरीला होती. आईचा दिवस कसा जात असेल, ह्या काळजीनं तिनं आपला जुना कॉम्प्युटर जालन्याला आणून बसवला, टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट जोडून घेतलं आणि दिवाळीच्या सुट्टीत आईला ब्लॉग काढून दिला. रोमन अक्षरं दाबली की पडद्यावर मराठी उमटतं, हे बाईंना फार नवलाचं वाटलं. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं नाव टाइप केलं तर ते 'बेबिनन्द' असं उमटलं. बाईंनी चष्मा वर सारला आणि लेकीला म्हणाल्या, "ह्याला आधी ऱ्हस्व-दीर्घ शिकवावं लागेल."

ब्लॉगचं नाव ठेवलं 'ओसरी'. पहिला लेख कोप्यांतल्या नाताळावर लिहिला. त्या काळात जालन्यात वीज किती वेळ जाईल ह्याचा भरवसा नसायचा. बाई सकाळी भांडी तशीच ठेवून आधी लिहायला बसायच्या. कधी वाक्य अर्ध्यात असताना पडदा काळा व्हायचा आणि सगळं पुसलं जायचं. मग त्या मुकाट्यानं भांडी घासायला उठायच्या, आणि वीज आली की तेच वाक्य पुन्हा लिहायच्या. दुसऱ्यांदा ते जरा बरं उतरतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे कोण वाचणार, असं त्यांना वाटलं होतं. पण वाचणारे निघाले. नगरच्या कांताबाई नावाच्या एक नर्स होत्या, त्या रात्रपाळीतल्या आठवणी लिहायच्या. परतूरचे एक गृहस्थ 'पहाटेचा दिवा' ह्या नावानं रोज बायबलमधल्या एका वचनावर लिहायचे, नाव खाली फक्त 'एक सेवक' एवढंच. आणि एक होता 'शेवटचा बाक'. तो कोण, कुठला, कुणालाच ठाऊक नव्हतं. तो लिहायचा ते वाचून बाईंना धस्स व्हायचं. प्रार्थना करून काहीच घडत नाही तेव्हा माणसानं कुठं बघायचं, असले प्रश्न तो विचारायचा आणि उत्तर न देताच लेख संपवायचा. त्याच्या प्रत्येक लेखाखाली परतूरचा सेवक हजर. "अविश्वासाचं बी पेरू नये." "प्रश्न विचारणं सोपं असतं, गुडघे टेकणं अवघड." 'शेवटचा बाक' त्यावर शांतपणे उत्तर द्यायचा, मग पुन्हा सेवक. वर्षभर हे चाललं. बाई दोघांच्या मध्ये पडून दोन गोड शब्द लिहायच्या, वर्गातलं भांडण सोडवल्यासारखे.

शेवटी कांताबाईंनीच लिहिलं, "नुसतं टाइप किती करायचं? एकदा एकमेकांची तोंडं तर बघू." बाईंनी विचार न करता लिहून टाकलं, "जालन्याला या. माझ्या घरी."

लिहून झाल्यावर त्यांनी पाण्याचा हिशेब केला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही नशिबानं. सात-आठ माणसं म्हणजे पाणी आलं, जेवण आलं. शेजारच्या द्वारकाबाई त्यांच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "म्हंजी तुम्ही एकमेकांला कधी बघितलंच न्हाई?"

"नाही."

"अन् जेवायला बोलावलं?"

"हो."

"बाई, तुम्ही पोरींला शिकवायच्या, अनोळखी माणसाशी बोलू नगा म्हणून." द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. पण भेटीच्या आदल्या दिवशी त्यांनी आपला पाण्याचा भरलेला ड्रम बाईंच्या दारात सरकवून दिला आणि भाकऱ्यांचं काम अंगावर घेतलं.

जानेवारीतला शनिवार होता. बाकीचे बहुतेक एसटीनं येणार होते. आपण परतूरचे, पॅसेंजरनं येणार, हे 'एक सेवक' यांनी एकट्या बाईंनाच कळवलं होतं, म्हणून बाई स्वतः नवीन जालन्याला स्टेशनवर गेल्या. ओळख पटावी म्हणून पुठ्ठ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत 'ओसरी' लिहून नेलं होतं. त्या पुठ्ठ्याकडं बघत एक तिशीतला तरुण आधीच जवळ येऊन उभा राहिला. औरंगाबादहून सकाळच्या गाडीनं आला होता. "सलाम, मावशी. मी देवानंद," चर्चमधल्या रीतीनं एवढंच म्हणाला. बाईंना वाटलं, कुणीतरी वाचक असेल.

पॅसेंजर आली. तिच्यातून धोतर, कोट आणि गळ्यात मफलर असा एक उंच म्हातारा गुडघा धरत उतरला. हातात हुरड्याच्या कणसांची भली मोठी पिशवी. "सलाम बाई. मी कडूबा. परतूरच्या मार्केटात होतो, आता रिटायर." देवानंदानं पुढं होऊन पिशवी घेतली. रिक्षात दोघं शेजारी बसले. कडूबाकाकांनी त्याला नोकरी विचारली, गाव विचारलं, लग्न विचारलं. मार्केटात कापसाचा भाव पाडायला व्यापारी काय युक्त्या करायचे, ते सांगितलं. देवानंद खो खो हसत होता. उतरताना काकांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि बाईंना म्हणाले, "पोरगं लई गुणाचं है. असं पोरगं आपल्या चर्चच्या मंडळीत पाहिजे."

घरी सगळे जमले. सतरंजीवर गोल बसले. चहा झाला आणि बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं आपलं नाव आणि ब्लॉगचं नाव सांगावं. कांताबाईंनी सांगितलं, इतरांनी सांगितलं. कडूबाकाका म्हणाले, "पहाटेचा दिवा." देवानंदाचा हात कपासकट मध्येच थांबला. त्याची पाळी आली. तो सतरंजीकडं बघत म्हणाला, "शेवटचा बाक."

स्वयंपाकघरात द्वारकाबाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज तेवढा येत होता.

"तू?" कडूबाकाका म्हणाले.

"हो, काका."

"मला वाटलं कुणी कालेजातला दाढीवाला असंल." काकांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला. "मंग रिक्षात का बोलला न्हाई?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

कांताबाई फिस्सकन हसल्या. त्यामुळं बाकीचेही हसले, पण काका हसले नाहीत.

प्रत्येकानं आपला एक लेख वाचून दाखवायचा, असं ठरलं होतं. देवानंदानं पेन ड्राइव्ह आणला होता. तो कॉम्प्युटरपाशी जाऊन बसला आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. बाई चुकचुकल्या. "आता दुपारपर्यंत येत नाही ती. तू तोंडीच सांग, काय लिहिलंस ते."

"मला बोलता येत नाही, मावशी. म्हणून तर लिहितो."

"येतं तसं सांग."

त्यानं पेन ड्राइव्ह खिशात ठेवला. मग त्यानं सांगितलं. त्याचं पहिलं बाळ जन्मलं आणि रडलंच नाही. पुढच्या रविवारी मंडळीतला प्रत्येक जण हात हातात घेऊन म्हणाला, देवाची मर्जी. कुणी दुसरं काही म्हणालं नाही. "बायको तेव्हापासून येत नाही. मी जातो, पण शेवटच्या बाकावर बसतो. तिथून दार जवळ पडतं. अजून बाहेर गेलो नाही, एवढंच."

बाईंना वाटलं, आता काका काहीतरी वचन सांगणार. पण काका सतरंजीची वीण नखानं खरवडत बसले होते. कांताबाईच बोलल्या. "चर्चमध्ये साक्ष देताना आपण शेवट गोड करून सांगतो. आजार आला, प्रार्थना केली, बरा झालो. ज्याचं तसं झालं नाही त्यानं काय सांगायचं? ब्लॉगवर निदान मध्येच थांबता येतं."

"पण वाचणारा कोण है ते दिसत न्हाई," काका म्हणाले. आवाजात नेहमीची धार नव्हती. "एखादं विश्वासात कच्चं लेकरू वाचून बसलं तर?"

"कच्चं लेकरू आधीच विचारत असतं, काका," देवानंद म्हणाला. "चर्चमध्ये विचारत नाही, इतकंच."

काकांनी मान हलवली. मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "माझा थोरला तापानं गेला. शाळेत होता. मी मंडळीचा पंच. मला कोण पुसणार, कडूबा तू काय विचार करून राह्यला म्हणून? मीच समद्यायला धीर द्यायलो. तवापासून पहाटं डोळा लागत न्हाई. मंग वचन काढून बसतो. नातवानं कॉम्प्युटर शिकवल्यापासून लिहून राह्यलो." ते थांबले. "तुझ्या लेखाखाली जे लिहितो ना, ते तुला कमी अन् मलाच जास्ती असतंय."

देवानंद सरकून काकांच्या शेजारी जाऊन बसला.

जेवणं झाली. येसर मसाला घातलेला मटणाचा रस्सा, वांग्याचं भरीत आणि द्वारकाबाईंच्या गरम भाकऱ्या. काकांच्या हुरड्यासाठी अंगणात आगटी पेटवली. गरम दाणे तळहातावर चोळत, फुंकर मारून फोलपटं उडवत, सगळे जुन्या ओळखीचे असल्यासारखे बोलत होते. चर्चच्या पाळकांना ब्लॉग दाखवावा की न दाखवावा, खऱ्या नावानं लिहावं की नाही, ह्यावर जोराचा वाद झाला. कुणाचंच कुणाला पटलं नाही. तेव्हाच कांताबाईंनी सहज विचारलं, "बाई, तुमच्या ओसरीवर वसंतराव कायम जीपमध्येच असतात. ते म्हातारे झालेच नाहीत का?"

बाई हसल्या. खरंच होतं ते. शेवटच्या वर्षी वसंतरावांची बोटं सुजायची, पट्टी दबत नसे. पेटी बाजूला सारून ते भिंतीकडं तोंड करून पडायचे. त्या वर्षाबद्दल बाईंनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. जीपमधले वसंतराव लिहिले की ते दिवसभर घरात वावरल्यासारखे वाटायचे. ते शेवटचं वर्ष लिहिलं तर वसंतराव पुन्हा जातील, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं.

"म्हातारे झाले होते," बाई म्हणाल्या. "फार थकले होते."

आणि मग त्यांनी सांगितलं. अंगणात बसून, हुरडा चोळता चोळता, ते सगळं वर्ष सांगितलं. द्वारकाबाई उंबऱ्यात येऊन बसल्या. त्यांना सगळं माहीतच होतं, तरी डोळे पुसत ऐकत राहिल्या.

उन्हं कलली तसे सगळे निघाले. देवानंदाची गाडी आधी होती, पण ती त्यानं सोडली आणि काकांना परतूरच्या गाडीत बसवूनच तो परत फिरला, हे बाईंना मागाहून कळलं.

पुढच्या वर्षी नगरला भेटायचं पक्कं झालं होतं. ते काही झालं नाही. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, कांताबाईंची बदली झाली, कुणाचं लग्न, कुणाचं काय. एकेक ब्लॉग ओस पडत गेला. पण 'शेवटचा बाक' आणि 'पहाटेचा दिवा' मात्र बरेच दिवस चालू होते, आणि त्यांचं भांडणही. फरक एवढाच की आता काकांची प्रत्येक टिप्पणी 'चि. देवानंद यास' अशी सुरू व्हायची, आणि खाली 'एक सेवक' न लिहिता ते 'कडूबा' लिहायचे. एकदा तर सगळं खंडन करून झाल्यावर शेवटी लिहिलं होतं, "सूनबाईला घेऊन परतूरला ये. चर्चला नको, घरी ये." देवानंद आणि त्याची बायको गेलेही.

बाईंनी ईस्टरआधीच्या उपवासकाळात वसंतरावांच्या शेवटच्या वर्षावर लिहिलं. लिहून झाल्यावर वसंतराव कुठं गेले नाहीत. उलट पडलेले, कण्हणारे, चहा कडू झाला म्हणून चिडणारे वसंतरावही आता घरात असायचे.

कधी आवारातलं कुणी विचारायचं, "बाई, ते ब्लॉग म्हणजे काय असतं हो?" बाई त्यांना कॉम्प्युटरचं काही सांगायच्या नाहीत. त्या शनिवारचं सांगायच्या. कोण कुठं बसलं होतं, कडूबाकाकांनी मफलर कसा सोडला आणि बांधला, भाकऱ्या कशा पुरल्या नाहीत आणि द्वारकाबाईंनी पुन्हा पीठ कसं मळलं. "वसंतराव गेल्यावर इतकी माणसं माझ्याकडं पहिल्यांदाच जेवली," त्या म्हणायच्या, आणि कांताबाईंनी काय विचारलं होतं तेही सांगायच्या.