खराटामावशीची वाट

मुलांनो, आपल्या गावात एक बाई जंगल झाडायची. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुलं गळायला लागली की खांद्यावर खराटा टाकून निघायची आणि गावापासून तिच्या पाच मोहांपर्यंतची पायवाट, मग झाडांखालची जमीन, अंगणासारखी लख्ख करायची. पहाटे पडलेली फुलं स्वच्छ जमिनीवरच नीट वेचता येतात. ती वाळवून विकली की तिचं वर्षाचं तेल-मीठ निघायचं. आम्ही तिला खराटामावशी म्हणायचो.

बाकीचे लोक झाडाखालचा पाला पेटवून मोकळे होतात. मावशी म्हणायची, "पाला जाराले एक काडी पुरते, बाई. झाडून काढाले कंबर लागते." जंगलात ती अनवाणीच जायची. का, विचारलं तर म्हणाली, "फुलावर पाय पडला त पायाले समजाले पाह्यजे ना."

तिच्या वाटेचा घात मी, तुमच्या या शाळेच्या बाईंनी, केला. लाखनीच्या हायवेकडून चार मोटारसायकली आल्या, जाड टायरच्या, कान किटवणाऱ्या. पोरांनी माझ्या घराच्या फाटकाशी पाणी मागितलं, तेही अस्खलित इंग्रजीत. माझ्याशी तसं कुणी बोलून वर्षं झाली होती. मी खुलले. चहा केला, आणि जंगलातली वाट विचारली तेव्हा वहीचं पान फाडून, पट्टीने रेघा मारून नकाशा काढून दिला. झाडलेली गुळगुळीत वाट त्यांना फारच आवडली. पुढच्या रविवारी वीस जण आले.

त्या दिवशी मी जे पाहिलं त्याची किळस अजून गेलेली नाही. मोहाभोवती गाड्या गरगर फिरवून जमीन उकरली होती. चेंदलेल्या फुलांच्या आंबूस वासात पेट्रोलचा वास मिसळला होता. एक जण बुंध्यावरच लघवी करत होता. मावशी रिकामी टोपली घेऊन उभी होती. दुसऱ्याने तिला समजावलं, "आजी, जंगल सबका है."

"हौ बाबू," मावशी म्हणाली, "म्हनून त मी इथं चप्पल घालून येत नाई."

तो हसला. त्याला काही कळलं नाही.

नकाशाचं मी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, "तुमी रस्ता दाखवला, बाई. पन झाडून झाडून इतका चोपडा मीच करून ठेवला होता."

दुसऱ्या दिवसापासून तिने टोपल्या भरभरून पाला वाटेवर आणून टाकला. वर बोरीच्या काटेरी फांद्या, त्यावर दगड. जन्मभर झाडलेली वाट तिने आठ दिवसांत बुजवली. तळ्याच्या पाळीवरून लांबचा फेरा घेऊन ती मोहांपर्यंत पोचायची, तोवर निम्मी फुलं रानडुकरांनी खाल्लेली असत. पुढच्या हंगामात ती गेलीच नाही. आता तुमसरला लेकीकडे असते आणि एका राइस मिलचं अंगण झाडते.

गाड्या अजून येतात. फाटकाशी थांबून इंग्रजीत वाट विचारतात. मी मराठीत सांगते, इकडे वाट नाही. आणि आता ते खरंही आहे.