एकट्या प्रेक्षकाचा संघ

"अगं बसतेस काय, ऊठ! पोरं नमस्कार करतायत."

काकांचं हे वाक्य मी जपानमधल्या उरायासूला दर रविवारी ऐकलं. मॅच संपली की आमच्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ प्रेक्षकांसमोर रांगेत उभा राहून कमरेत वाकायचा. इथली पद्धतच आहे ती. आता प्रेक्षक म्हणजे कोण? तर काका, आणि थालीपिठाच्या आमिषाने त्यांनी ओढून आणलेली मी. एवढी पोरं आम्हा दोघांपुढे वाकली की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. काका मात्र ताठ उभे राहून हात जोडायचे आणि मराठीत पुटपुटायचे, "सहा गोल खाल्लेत गधड्यांनो, पण नमस्कार झकास."

काका आमच्या प्रयोगशाळेतले सर्वांत जुने शास्त्रज्ञ, मी तिथली नवी पोस्टडॉक. संघ सगळ्यात खालच्या गटात, आणि त्यातही तळाला. समोरच्यांनी गोल केला तरी काका टाळ्या वाजवायचे. "चांगल्याला चांगलं म्हणावं," म्हणायचे. न म्हणून करतात काय? आमचे गोल होत होते कुठे!

मग २०११च्या मार्चमधल्या मोठ्या भूकंपात मैदान फाटलं आणि खालून राखाडी चिखल वर आला. पोरं पार्किंगमध्ये सराव करू लागली. त्यातच विद्यापीठाने कळवलं, की यंदा वरच्या गटात गेलात तर ठीक, नाहीतर संघ बंद. म्हणजे बंदच म्हणा की!

पण पहिल्याच मॅचला आमच्या पोरांनी गोल केला. काका टाळ्या वाजवायचेच विसरले. "अगं, हा आपला?" त्यांनी मला विचारलं. मला! ऑफसाइड म्हणजे काय हे मला आजही कळलेलं नाही. मग पोरांना जिंकायची खोडच लागली. माणसं जमू लागली. एकदा काकांच्या नेहमीच्या जागेवर एक आजोबा येऊन बसले, तर काका दिवसभर धुसफुसत होते. "कालपर्यंत कुठे होते हे सगळे?"

शेवटची मॅच जिंकली तरच वरचा गट. त्या दिवशी काकांनी डबा उघडलाच नाही. मी म्हटलं, "अहो काका, खेळ आहे तो, एवढं काय?"

तेव्हा ते बोलले. "भूकंपानंतर मी मिळेल त्या विमानाने पुण्याला पळालो. कुणाला सांगितलंसुद्धा नाही. महिन्याने परत आलो, तर माझ्या दारातला चिखल उपसलेला. शेजारीण म्हणाली, फुटबॉलची मुलं फावडी घेऊन आली होती, तुम्हाला शोधत होती." मग म्हणाले, "यांचा एकुलता एक प्रेक्षक, आणि तोच पळाला. अजून माफी मागायचं धाडस झालेलं नाही बघ. आता संघच मोडला तर कुठल्या तोंडाने जाऊ?"

शेवटच्या मिनिटाला कॉर्नरवरून आलेला चेंडू आमच्या कॅप्टनच्या गुडघ्याला लागून आत गेला. त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता. मी किंचाळले. शिट्टी वाजली, आजूबाजूला नुसता दंगा. काका मात्र कधीच पायऱ्या उतरून खाली गेले होते. मीही मागे धावले.

कॅप्टनसमोर ते कमरेत वाकले आणि जपानीत म्हणाले, "मार्चमध्ये मी न सांगता पळून गेलो. मला माफ करा."

कॅप्टन गोंधळला. घाम पुसत म्हणाला, "पण तुम्ही परत आलात ना? आम्हाला वाटलं होतं, आता आमच्या मॅच बघायला कोणी नाही."

काकांना रडू फुटलं. मलाही.

दोन वर्षांनी काका निवृत्त होऊन कायमचे पुण्याला गेले. जायच्या आधी सामान बांधायचं सोडून तीन दिवस मैदानावर जात होते, एकेका मुलाला गाठून सांगत होते. आदल्याच दिवशी संघात आलेल्या एका पोरालाही त्यांनी थांबवलं. त्याला विमानाची तारीख सांगितली, वेळ सांगितली, आणि "पुढच्या रविवारी मी नसेन," हे दोनदा सांगितलं.