कॅप्सूल आणि दुधाचा पेला

भागीबाई जाऊन वर्ष होत आलं. तिच्याबद्दल कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

लासलगावच्या बाजारात मी मापाडी होतो, कांद्याची वजनं करायचो. भागीबाईचा नवरा भिका तिथेच हमाल, जुना पहिलवान. आमच्या दोन घरांत एकच भिंत. भिका दारूला शिवत नव्हता; लोक ते कौतुकानं सांगत. तो शुद्धीत मारायचा, उजव्या हातानं. आधी भांडं पडायचं, मग थपडा ऐकू यायच्या. भागीबाईचा आवाज मात्र कधी आला नाही.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ट्रक भरताना भिकाची गोटीराम हमालाशी जुंपली. भिकानं त्याला गोण्यांवर आपटून तोंड फोडलं. गोटीरामच्या हातात गोणी ओढायचा लोखंडी आकडा होता. त्यानं तो भिकाच्या उजव्या कोपराखाली घातला आणि ओढला. मांस उघडं पडलं, तरी भिका लाथा घालतच होता.

मी आणि भागीबाईनं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर कळवणकडचे, किरकोळ अंगाचे. त्यांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. पुढे जखमेत पू झाला तेव्हा टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. भिका शिव्या देत बाहेर गेला. डॉक्टरांनी माझ्यादेखत भागीबाईला समजावलं.

"बाई, ही पेलाभर पाण्याबरोबर द्यायची. घेतल्यावर लगेच आडवं होऊ द्यायचं नाही. आणि आधी-नंतर दोन-दोन तास दूध, दही, ताक नको. दुधानं औषध पोटातच अडकतं, रक्तात जात नाही. उन्हात पाठवू नका, कातडी भाजते. बरं वाटलं तरी मध्येच सोडायची नाही. आणि पोरीला ताप आला तरी यातली देऊ नका, लहान पोरांचे दात कायमचे डागाळतात."

भागीबाईनं कडेवरच्या पोरीला सावरत मान हलवली.

पण सूज चढतच गेली, ताप हटेना. भिका पडून राहिला आणि भिंत गप्प झाली. एका दुपारी त्याला बघायला गेलो, तर भागीबाई त्याला कॅप्सूल देत होती, आणि वर भरलेला दुधाचा पेला.

"औषध गरम असतंय, पहिलवानानं दुधातच घ्यावं," भिका म्हणाला. "बायको लय सेवा करती बघ, नाथाभाऊ."

ओट्यावर येऊन मी हळूच विचारलं, "भागीबाई, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"ऐकलंय मी."

"मग?"

"भाऊ, तुमाला भिंतीतनं ऐकू येतं ना?"

"येतं."

"आता येतं का?"

"अगं, हात जाईल त्याचा."

"जाऊ द्या. माझ्यावरच तर उठतो."

पुढच्या आठवड्यात भिका दवाखान्यात डॉक्टरवर चालून गेला. मी आणि भागीबाई मागोमाग धावलो. त्यानं डाव्या हातानं डॉक्टरांची गचांडी धरली आणि डोकं भिंतीवर आपटलं. "खोटी औषधं देतो व्हय रे?" कंपाउंडर सोडवायला गेला, त्याच्या पोटात लाथ बसली. भागीबाई मध्ये पडली. तोच डावा हात फिरला आणि तिचा ओठ फाटला. ती ओठ पुसायचं सोडून त्या हाताकडे बघत राहिली.

डॉक्टरांच्या नाकातून रक्त येत होतं. तशातच त्यांनी भिकाचा सुजलेला हात धरला. "कोपराच्या वर गेलंय. हे असंच चढलं तर नाशिकला हात काढावा लागेल. नाहीतर जीव जाईल. कॅप्सूल कशाबरोबर घेतोस?"

भिका बोलायच्या आत भागीबाई म्हणाली, "दुधाबरोबर. मी देत होते. तुमी नको म्हणला होता, तरी."

"का गं?" भिकाचा आवाज एकदम बसला.

"उजवा हात गेला तर मार थांबंल वाटलं. डावा पन तसलाच निघाला. आता तुमाला मारून मी काय मिळवू?"

डॉक्टरांनी पू काढला, इंजेक्शनं दिली, कॅप्सूल पुन्हा सुरू केल्या. भागीबाई प्रत्येक वेळी पेलाभर पाणी देई आणि तो बसून राहतो की नाही ते बघे. औषध शेवटच्या कॅप्सूलपर्यंत दिलं. हात वाचला.

पट्टी सुटली त्या दिवशी पलीकडे भांडं पडलं. मी थपडेची वाट बघत होतो. ओरडला तो भिका. धावत गेलो. त्याचा उजवा हात वर गेलेला, आणि खुंटीवरचा त्याचाच आकडा भागीबाईच्या मुठीत. टोक सदऱ्यातून आत, बरं झालेल्या जखमेच्या जरा वर रुतलेलं. रक्ताचा एक ओघळ आला होता.

"हात खाली घ्या, मग काढते," ती त्याला सांगत होती. "या बारीला दवाखान्यात नेणार नाय."

भिकानं हात खाली घेतला.

मला बघून ती म्हणाली, "भाऊ, जा तुमी. काय नाय झालं."

भिका बाजारात भांडतच राहिला, म्हातारा झाला तरी. पण त्यानंतर भिंतीपलीकडे भांडं पडलं, तर ते मांजरानं पाडलेलं असायचं.