खातरजमाबाई

कपड्यांच्या कारखान्यात सगळ्या जणी तिला खातरजमाबाई म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. घराला कुलूप लावलं की ती ते तीनदा ओढून बघायची, आणि अर्धा जिना उतरल्यावर परत वर जाऊन चौथ्यांदा. कुणी आपणहून गोड बोललं की हिचे कान टवकारलेच.

अशा बाईला एका शुक्रवारी मॅनेजर म्हणाला, "सोमवारपासून कटिंगच्या टेबलावर तुम्ही."

आता त्या कारखान्यात मशीनवर बायका बसायच्या आणि कात्री पुरुषाच्या हातात असायची. बावीस वर्षांपूर्वी, नवीन होती तेव्हा, तिने एकदा कात्री उचलली तर कटिंग मास्तरांनी हातातून काढून घेतली होती. "बाईच्या हातून कापड वाया जातं," म्हणाले होते. आणि आज एकदम पायघड्या? कुठेतरी पाणी मुरत होतं, नक्की.

घरी नवऱ्याने आगीत तेल ओतलं. "काहीतरी मोठं बिघडलंय तिथे. खापर फोडायला माणूस हवंय त्यांना. नोकरी घालवून बसशील."

हाच नवरा चारचौघांत "वेळ जात नाही म्हणून जाते" असं सांगायचा. पण नोकरी जाईल या विचाराने तिला जेवण गेलं नाही. आयुष्यात कुणालाही न विचारता मिळवलेली तेवढी एकच गोष्ट होती तिच्याकडे.

सोमवारी ती तासभर आधी पोचली. तागा उलगडून भोकं शोधली, टेप दुसऱ्या टेपशी ताडून पाहिली, कात्रीचा स्क्रू कुणी सैल करून ठेवलाय का तेही बघितलं. सगळं जिथल्या तिथे. त्याने तर संशय दुप्पट झाला.

मास्तर आले तसं तिने त्यांनाच गाठलं. "खरं सांगा मास्तर, माझं नाव कुणी पुढे केलं?"

"मीच."

"तुम्ही? का?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "नजर गेली हो माझी. आता खडूची रेघही दिसत नाही. पण खरं तर पाच-सहा वर्षांपासूनच चुकतोय. बाकीच्या मशीनवरून माझं वाकडं कापलेलं परत यायचं. तुमच्याकडून एकदाही नाही. मला संशय आला. मुद्दाम एक बाही अर्धं बोट तोकडी कापून तुमच्या गठ्ठ्यात घातली. शर्ट बरोबर मापाचा निघाला."

तिला ती बाही आठवली. तशा कितीतरी आठवल्या. शिलाईत कापड कमी दाबून, थोडं ताणून, प्रत्येक तिने सावरली होती. तक्रार केली तर बोल आपल्यालाच लागेल, ही भीती.

"म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं?" तिचा आवाज चढला. "आणि मास्तर म्हणून मिरवत राहिलात?"

संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पदराने पुसलं आणि कात्री उचलली.

"माझं मशीन रिकामं आहे," ती म्हणाली. "बसा तिथे. माझं काही चुकलंच, तर मुकाट्याने सावरून घ्या."