भिंतीवरचे दिवाळी अंक

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही जुन्या दिवाळी अंकाचं फ्रेम केलेलं मुखपृष्ठ दाखवलंत आणि मी फोन ठेवून दिला, त्याचं कारण सांगते. तुमचे आजोबा दर दिवाळीला दौंड स्टेशनवरून अंक आणत आणि मी ते कडुलिंबाचा पाला घालून कपाटात वर्षवार लावून ठेवी. आजोबा गेल्यावर त्यांच्या भाच्याने शिक्रापूरला हायवेवर हॉटेल काढलं आणि शोभेसाठी ते अंक मागून नेले. मी उद्घाटनाला गेले, तर मुखपृष्ठं काचेत आणि माझ्या बशीतला वडा कथेच्या पानावर! पानाच्या कडेला आजोबांची पेन्सिलीची खूण होती. "अंक कुठे आहेत?" मी भाच्याला विचारलं. "हायेत की मामी, भिंतीवर!" "ही नुसती सालं आहेत. आतलं काय केलंस?" "आतलं कोण वाचतंय आता? तेल मातर झकास टिपतंय." मी बशी त्याच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर शेगडीजवळचा उरलेल्या अंकांचा गठ्ठा उचलला. "मामी, रागवू नका, फ्रेमखाली तुमचं नाव टाकतो." "टाकलंस तर काच फोडीन!" राग अजून गेलेला नाही. त्या गठ्ठ्यातले तीन अंक मुखपृष्ठाशिवाय माझ्या कपाटात आहेत, आणि पहिल्या कथेपासून शेवटच्या पानापर्यंत वाचता येतात.