सात वाजताची मूव्हमेंट

शांतिसेनेतर्फे आफ्रिकेतल्या एका देशात मी सुभेदार होतो. तिथं आमच्याकडे एक माणूस शरण आला. सगळे त्याला कर्नल म्हणत. आधी तो सरकारी सैन्यात कॅप्टन होता. मग अकरा वर्षं जंगलात राहून त्यानं गनिमी टोळी चालवली. शेवटी सैन्यातल्या जुन्या दोस्तांना हाताशी धरून राष्ट्राध्यक्षाला उलथवण्याचा कट केला. कट फसला, दोस्त नामानिराळे राहिले. आता कोर्टात तो त्यांची नावं सांगणार होता. त्याला तिथं जिवंत पोचवायचं, एवढंच आमचं काम.

मला तो आवडत नव्हता. त्यानं गावं जाळली होती. पण सकाळी साडेपाचला दाढी करून, बूट बांधून उभा असायचा. फौजी माणसाला तेवढं बघितलं तरी पुरता राग धरता येत नाही.

त्याला कोर्टात न्यायच्या आदल्या संध्याकाळी मी मूव्हमेंट ऑर्डर, म्हणजे गाडी हलवायचा हुकूम, वाचला. निघण्याची वेळ सात. नियमाप्रमाणे ती वाटेतल्या, तिथल्या सरकारी सैन्याच्या चेकपोस्टला वायरलेसवर कळवली. कर्नल मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "कट करताना आम्ही बंदुका नंतर शोधायचो. आधी माणसाची निघायची वेळ शोधायचो. सांगितलीत ना? मग निदान पाळू नका."

मी हसलो. म्हणालो, "फौजेत टाइम म्हणजे टाइम."

सकाळी साडेसहाला गाडी तयार होती. ड्रायव्हर नाईक नागनाथ आमच्याच जिल्ह्यातला, पालमचा. मी वालूरचा. तो हळूच म्हणाला, "साब, त्यो कर्नल म्हनायलाय ते खरं वाटायलंय. आर्धा घंटा आधीच निघू."

"सात वाजता."

"जी साब."

लवकर निघायचा अधिकार मला होता. वीस वर्षांत माझी गाडी मिनिटभर इकडेतिकडे झाली नव्हती, त्याचा मला माज होता. मी घड्याळ बघत उभा राहिलो.

सात सव्वीसला पुलाच्या अलीकडे पहिली गोळी काचेतून आली ती नागनाथच्या गळ्यात. तशातही त्यानं गाडी रस्त्याखाली उतरवली, म्हणून मी आणि बरोबरचे तीन जवान वाचलो.

मी वायरलेसवर ओरडलो, "बेस, काँटॅक्ट. डावीकडून फायर."

"होल्ड करा. मदत पोचायला वीस मिनिटं."

चार मिनिटांत सगळं आटोपलं. चेकपोस्ट समोरच होतं. तिथून एकही फायर झाला नाही. कर्नल मागच्या सीटवर मेला, नावंही त्याच्याबरोबर गेली. त्याचे ते सैन्यातले दोस्त अजून नोकरीत आहेत, असं ऐकतो.

चौकशीत माझ्यावर ठपका आला नाही. ऑर्डर वेळेवर पाळली, असा शेरा मिळाला.

रिटायर झाल्यावर दर वर्षी त्या तारखेला मी एसटीनं पालमला जायचो. नागनाथची समाधी त्यांच्या शेतात आहे. बेल वाहायचा, घरी चहा घ्यायचा. त्याच्या वडिलांना, शिवाप्पांना, चार वर्षं सांगत आलो की सगळं अचानक झालं. यंदा राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

ते म्हणाले, "म्हंजी नागनाथला कळलं व्हतं."

"हो."

"आन तरी तुमच्यासंगं बसला."

"हो."

"सायब, पुढच्या साली येऊ नका."

म्हणून हे इथं लिहितोय. नाईक नागनाथ, ड्रायव्हर, वय एकतीस. चूक माझी होती.